मध्यमावरचा उंबरा

सात वर्षं मागच्या पडवीत
टेबलावर मावेल एवढंच मिलिंग मशीन.
तीनशे मिलिमीटर चालायचं, मग थबकायचं
खुंट्याला बांधलेल्या वासरासारखं.
आणि पेटीची स्वरपाटी असते साडेपाचशेची.
म्हणजे अर्धी कापायची, थांबायचं,
वाइस सैल करायचा, पाटी फिरवायची,
डायलचा काटा शून्यावर आणायचा
आणि श्वास धरून उरलेली अर्धी.
जिथे दोन अर्ध्या भेटत
तिथे राहायचा तीन शतांशांचा उंबरा.
डोळ्यांना दिसायचा नाही. नखाला लागायचा.

"वृंदाताई," दांडिया बाजारातले दिघे पेटीवाले म्हणायचे,
"तुमच्या पाट्यांवरचा मध्यम
जिना चढून आल्यासारखा बोलतो."
गिऱ्हाइकांना कळत नव्हतं.
मला मात्र त्यानंतर दुसरं काही ऐकू येईना.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत
जशुभाई कारखाना आवरत होते.
सव्वादोन टनांचं धूड, चाल सहाशेची,
दारावर कुंकवाचं स्वस्तिक, कूलंटनं अर्धं पुसलेलं.
मी स्पिंडलला काटा लावला, हातानं फिरवला,
काटा जागचा हलला नाही.
सहाचे साडेपाच लाख केले त्यांनी,
वर एक अट:
"रविवारे एने रजा आपजो, बेन. एने टेव छे."

पतपेढीचं कर्ज. शिरीषची नवी स्कूटर पुढच्या वर्षावर.
वीज कंपनीचा माणूस अर्ज उलटसुलट बघत म्हणाला,
"घरात थ्री फेज? लिफ्ट बसवताय का?"
गॅरेजची फरशी उखडली, फूटभर काँक्रीट ओतलं,
एकवीस दिवस त्याला पाणी घातलं
(शेवंतीला कधी इतकं नेमानं घातलं नव्हतं).

मग मांजलपूरच्या आमच्या गल्लीत क्रेन.
गेट बिजागऱ्यांसकट उतरवलेलं,
पेरूची एक फांदी गेली,
शहाकाका गच्चीत चहा घेऊन, जणू क्रिकेट.
मशीन पट्ट्यांवर लोंबकळत, जरासं वळत,
आणि क्रेनवाला ओरडतोय, "हळवे! हळवे!"
त्याच्या भाषेत सावकाश.
माझ्या भाषेत जे झालं
ते शिरीषनं पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

लेव्हलचा बुडबुडा रात्री अडीचपर्यंत.
हा पाय पाव वळसा, तो पाय त्याहून कमी,
बुडबुडा मधोमध यायचा
आणि मी पाना ठेवला की सरकायचा.

जुनं मशीन नेलं पॉलिटेक्निकच्या कस्तुरीनं,
रिक्षात, मांडीवर उशी घेऊन.
पैसे मोजून झाल्यावर माझं तोंड थांबेना:
थंडीत आधी दहा मिनिटं रिकामं फिरव.
वाय अक्षात उलटं येताना आळस करतं, थोडं जास्त सांग.
पितळ आवडतं त्याला. स्टीलवर रागावतं.
ती मान डोलवत होती,
एकीकडे रिक्षावाल्याला पत्ता सांगत होती.
पडवीतल्या टेबलावर चार भोकं राहिली.
तिथे आता चाळणी असते.

पहिली पाटी एका बांधणीत निघाली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत नख ओढलं.
मग उलटीकडून ओढलं.
मग, का कोण जाणे, डोळे मिटून पुन्हा.

शनिवारी संध्याकाळी दिघ्यांनी ती पेटीत बसवली,
सूर चढवले, भाता दाबला,
मध्यमावर बोट ठेवलं आणि काढेचनात.
मी भिंतीवरच्या भात्यांच्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिले.
"बसला," म्हणाले. "अगदी पायरीवर नाही, घरात बसला."
मग मान तिरकी करून आणखी दोनदा वाजवून,
"आता काय झालंय बघा,
हा गप्प झाल्यावर धैवताची कुरकुर ऐकू यायला लागलीय.
आधीपासून असणार."

आज रविवार.
सकाळपासून मला ठाऊक आहे धैवताच्या खाचेत काय करायचं,
कटरचा नंबरसुद्धा.
शिरीष पेपर वाचतोय.
गॅरेजला कुलूप आहे,
किल्ली माझ्या मुठीत
आणि साडेदहाच वाजलेत.