तीन नंबरची गाडी

मोदेनाच्या उत्तरेला, कालव्याच्या काठी,
धुकं नोव्हेंबरात येतं
आणि भाडं न देता मार्चपर्यंत राहतं.
तिथे एक शेड होती, दारावर पाटी नसलेली.
आत तीन माणसं, एक लेथ,
आणि मधोमध खळगा पडलेला चिनाराचा ओंडका.
त्यावर झेलिंदो पत्रा ठोकायचा.

ठोकायचा म्हणजे कसा, ते निवेसला विचारा.
पारी लाटताना हात मधून कडेकडे सरकतो ना,
तसा हातोडा.
मग डोळे मिटून बोटांनी चाचपणं.
नकाशा भिंतीवर होता, कॉफीच्या डागांचा.
बोटांना पटलं नाही तर नकाशा खोटा.

गाड्या झाल्या तीन.
पहिली चाचणीतच जळाली.
दुसरी कोमोच्या एका दंतवैद्यानं नेली,
त्यानं आधी हप्ते बुडवले, मग गाडी,
तळ्यात.
तिसरी सदुसष्टच्या मे महिन्यात सिसिलीला निघाली,
कांद्याच्या ट्रकमधून, ताडपत्रीखाली.

लाल नव्हती ती.
लाल रंग उधारीवर मिळेना.
ट्रॅक्टरवाल्याकडे उरलेला पिवळा होता.
सीटचं रेक्झिन निवेसनं शिवलं,
स्वतःच्या मशीनवर, दोन सुया मोडून.

तिकडे डोंगरात रस्ते म्हणजे
कुणी रागानं भिरकावलेली दोरी.
बाल्कनीत काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या,
भिंतींवर पाय सोडून बसलेली पोरं.
इंजिन ऐकू येण्याआधी
वरच्या वाडीतली कुत्री भुंकायची.
एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.
चौथ्या फेरीला पिवळी तिसरी होती.
तिसरी! तीन माणसांच्या शेडमधून आलेली!

पाचव्या वेळी कुत्री भुंकली नाहीत.

निवेस म्हणते, त्या दिवसापासून
मला शांततेचा आवाज ओळखता येतो.

तेलाच्या नळीची कडी तुटली होती,
चाळीस लिराची.
इल्दो अंधार पडता पडता चालत आला,
हेल्मेट भरून लोकाटं घेऊन.
कुणा बाईनं दिली, म्हणाला,
आणि बिया थुंकत रडला.
झेलिंदो काही बोलला नाही.
गाडी ओढून आणली तेव्हा
त्यानं तिच्या नाकाडावर, दिव्याच्या खाली,
एकच ठोसा मारला.
जन्मभर पत्र्यातल्या खळ्या काढणारा माणूस.

पुढे शेड गेली. इंजिन एका मोटारबोटीत गेलं,
गिअरबॉक्स कुठे गेला कुणास ठाऊक.
झेलिंदोही गेला, धुक्याच्याच दिवसांत.

आता निवेस शहाऐंशीची.
एकाच वर्षात दोन माणसं तिला न्यायला आली,
एक झुरिकचा, एक ओसाकाचा.
दोघांकडे तीन नंबरची गाडी,
दोघांकडे शिक्क्यांचे कागद.
(नंबर कोरायला एक छिन्नी पुरते.)
तिनं दोघांचा केक खाल्ला,
दोन्ही नाकाडांवरून डोळे मिटून हात फिरवला.
झुरिकची गुळगुळीत, आरशासारखी.
ओसाकाचीवर खळी होती,
जुना फोटो बघून पाडलेली,
पण ठोसा उजव्या हाताचा.

झेलिंदो डावखुरा.

तिनं सही केली नाही.
कारणही सांगितलं नाही.
घरी येऊन परसातल्या खुराड्याचं झाकण उचललं,
पिवळ्या रंगाचे पोपडे बोटांना लागले,
दिव्याच्या खोबणीतून आत ऊन पडलं होतं.
कोंबड्या कुरकुरल्या.
तीन अंडी. एक अजून ऊबदार.