हिराकस

कसबा बावड्याच्या पल्याड, उसाच्या बांधाला लागून
माझी प्रयोगशाळा. काम एकच : गाळ तपासायचा.

शंभरातले सत्त्याण्णव भाग नुसतं पाणी,
आणि प्रेसवर घातलं तर थेंब द्यायला तयार नाही.
दस्तगीर शिकलगार पट्टा थांबवतो,
फडक्यावरचा थुलथुलीत थर उलथन्यानं ढोसतो :
"आज बी सोडंना, मॅडम.
जयंती नाल्याचं बेणं हाय, चिवट."

बाहेर ट्रकवाला पुंडलिक बिडी विझवत विचारतो,
पाणीच वाहायचं असंल तर टँकर मागवायचा हुता की.

सूक्ष्मदर्शकात मी त्यांना पाहिलेलं आहे.
हे एवढे एवढे जीव, आपल्याच लाळेचं घर बांधून
एकमेकांना धरून बसलेले.
भेंडी चिरताना सुटते तशी तार,
आणि तारेतारेत पाणी.

शियेला आमच्या गुऱ्हाळावर
गुळव्या काहिलीत भेंडीचं पाणी सोडायचा,
मळी फेसासारखी वर यायची,
अण्णा झाऱ्यानं काढून बाजूला फेकायचे.
त्या तारेनं आमचा रस निवळला,
माझी फी भरली.
इथं मला तीच तार तोडायची आहे.

सहा बीकर मांडले.
आम्ल थेंबाथेंबानं, पीएच तीनवर येईतो.
मग हिराकस, पोपटी खडे, चिमटीत दमट.
मग पेरॉक्साइड, हातमोजा घालून,
तरी एक थेंब मनगटावर उडालाच.

काळं होतं ते तांबूस होऊ लागलं,
भिजलेल्या खिळ्यासारखं. बुडबुडे.
आत कुठंतरी ते घर
कुणाला न ऐकू येता पडत होतं.

दस्तगीर बघत उभा.
"आमचा आजा गंज काढून पोट भरायचा,
सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते.
तुम्ही पगार घेऊन गंज घालताय व्हय?"

कागदावर पाण्याची ओली कड धावते, ती मोजायची.
साध्या गाळाला दोनशे सेकंद.
तिसऱ्या बीकरला एकतीस.
मी पुन्हा मोजलं. एकतीस.
सहाव्यात मात्र हात सैल सुटला होता :
सगळं इतकं बारीक झालं
की कागदाची भोकंच बुजली,
पाणी होतं तिथंच थांबलं.

दुपारी तिसऱ्याचं माप टाकीला लावलं.
वर चुन्याची निवळी.
पट्टा फिरला, आणि फडक्याखालून
आधी चूळ भरल्यासारखा आवाज,
मग सरळ धार.
वर राहिलं ते चक्क्यासारखं घट्ट,
कडेला भेगा पडणारं.
दस्तगीरनं एक ढेकूळ मोडून पाहिलं, वास घेतला,
तोंड वाकडं केलं, आणि अजून एक मोडलं.

ते पाणी काही नदीला जात नाही.
पाइपनं उलटं फिरून पहिल्या टाकीत,
शहराच्या आजच्या पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

साहेब येऊन विचारून गेले,
कॅनला किती पडतात?

पुंडलिकची वजनपावती हलकी आली,
त्यावर त्याची नवी तक्रार : भाडं टनावर हाय माझं.

संध्याकाळी वही उघडली.
ओलावा : काल चौऱ्याऐंशी, आज बहात्तर.
शेरा काय लिहू, विचारलं तर दस्तगीर म्हणाला,
"लिवा की, सुटलं."
तेच लिहिलं.
उद्या साहेब लाल शाईनं खोडतील.

मनगटावर पांढरा चट्टा होता,
केएमटी शिये फाट्याला येईपर्यंत
तोही गेला.