वरची प्रत

पेठेतल्या चौकीत एकोणीस वर्षं मी रायटर हवालदार.
पंचनामे लिहायचो, चार प्रतींत,
मध्ये निळा कार्बन.
अक्षर चांगलं म्हणून साहेबांचा लाडका.
चौथी प्रत पुसट यायची,
ती येरवड्याच्या गाडीत, माणसाबरोबर.

पंच ठरलेले: चहावाला,
नाहीतर समोरचा सायकलवाला येनपुरे.
सही आधी, मजकूर मागाहून.

आता धानोरीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत
तेच उरलेले कार्बन वापरतो.
संपलेल्या रिफिलीनं माणूस काढतो.
वरचा कागद कोराच राहतो,
खालच्यावर उमटतं सगळं:
गुडघे, तळपाय,
'कबूल आहे' म्हणताना वळलेली मान.

प्रदर्शनाला जुने साहेब आले, काठी टेकत.
दोरीवरच्या एका कोऱ्या कागदापाशी थांबले.
"हे काढायचं राहिलं वाटतं?"

नाही साहेब. ही वरची प्रत.
वर जाते ती.

त्यांनी चिमटा काढला,
कागद उजेडात तिरपा धरला.
दाब दिसतो तसा.
बोटानं चाचपत राहिले, बराच वेळ.
"अक्षर तुझंच."
हो, म्हटलं. अक्षर माझं.

तेवढ्यात येनपुरे आला, घामेजलेला,
आणि चित्रांकडे न बघताच
अभिप्रायाच्या वहीत
सही करून मोकळा झाला.