झिरो कुठे घेतलास

तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये
चौदा कॉम्प्युटर, त्यातले अकरा चालू.
माझ्या वाट्याच्या कीबोर्डचं एंटर
अंगठ्याने कचकन दाबावं लागतं.

एस.वाय. बीएस्सी, फिजिक्स.
बोरस्ते मॅडम म्हणाल्या, नवीन काही नको,
जर्नलातलाच एखादा प्रयोग घ्या,
रीडिंग्ज भरा, सूत्र लिहा, बाकीचं ते करेल.
'ते' म्हणताना त्यांनी मॉनिटरकडे
नव्या जावयाकडे बघावं तसं बघितलं.

मी लंबक घेतला, सोपा म्हणून.
एक मीटर दोरा, पितळी गोळा, वीस दोलनं.
गेल्या टर्मला सायमा मोजायची, मी लिहायचे.
जर्नलात जी आहे नऊ पॉइंट अठ्ठ्याहत्तर,
शेजारी मॅडमची सही.

पहिल्यांदा कंस उघडा राहिला.
मग कॅपिटल टी आणि स्मॉल टी
मी एकच माणूस समजले.
मग एक ओळ चार घरं आत हवी होती,
तीनच सरकली.
चिडत नाही ते, त्याचाच राग येतो.

शेवटी चाललं.
दहा पॉइंट पंच्याऐंशी.

सूत्र बरोबर. पाय बरोबर.
आकडे कच्च्या वहीतले, अडतीस पॉइंट पंधरा सेकंद,
पेन्सिलीने, सायमाच्या चहाच्या डागाशेजारी.
पक्क्या वहीत जाताना सगळ्यांचेच आकडे
थोडे सरकून बसतात, बाकावर जागा करून द्यावी तसे.
याला कुणी सांगितलंच नव्हतं
उत्तर किती यायला हवं.

ताई अंबडला सीएनसीवर आहे.
सेकंड शिफ्ट. साडेअकरानंतर कंपनीची बस
त्रिमूर्ती चौकात सोडते, तिथून उत्तमनगरपर्यंत
स्वेटरच्या बाह्या ओढत चालत येते.
तिचं नाव प्रणाली.
फळ्यावर 'संगणक प्रणाली' आलं
की मी उगाच वहीत बघते.
लॅपटॉप तिच्या बोनसचा, एम.जी. रोडवरून, सेकंडहँड.
बारावीला तिला माझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त होते.
ते आम्ही बोलत नाही.

हाताला कूलंटचा वास, दोनदा साबण लावूनही.
भाकरी मोडत तिने स्क्रीनकडे पाहिलं.
झिरो कुठे घेतलास?
म्हटलं, म्हणजे?
जॉब लावला की आधी झिरो घ्यायचा गं.
तो चुकला तर पुढचा प्रोग्राम
कितीही बरोबर असू दे, माल भंगारात.
मग म्हणाली, ठेचा संपला का?
आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

मी रात्री दीडपर्यंत जागी.
मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
हे शून्यापासून मोजतं,
आणि आम्ही हसलो होतो,
शून्यावा नंबर असतो का कुणाचा.
डोळ्यांपुढे सायमा. गोळा सोडते,
बटण दाबते आणि म्हणते, एक.
एक म्हणते तेव्हा अजून काहीच झालेलं नसतं.
वीस म्हणते तेव्हा एकोणीस.
मी लिहिते, वीस.

सकाळी बोरस्ते मॅडमना सगळं सांगितलं.
सहीसुद्धा.
त्या खिडकीबाहेर कॉलेज रोडकडे बघत राहिल्या जरा वेळ,
मग ड्रॉवरमधून लॅबची किल्ली काढली.
जुनं खोडू नकोस, म्हणाल्या. खाली लिही.

सायमा स्टॉपवॉच घेऊन उभी,
थोडी रुसलेली.
मी दोरा ताणून धरला, सोडला,
गोळा मधल्या खुणेवरून जाताना
मोठ्याने म्हटलं, शून्य.

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.