चौथं मत

गेनबा पडवळनं अर्ज भरला तेव्हा
धायरी फाट्याच्या अमृततुल्यमध्ये
आम्ही चहाचा दुसरा हाफ मागवला,
हसायला वेळ पुरावा म्हणून.

पडवळ!
म्हणजे आता भाजीलाही मत द्यायचं,
कोणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.
चिन्ह मिळालं फुगा.
त्यानं शिडी मागितली होती म्हणे,
ती दुसऱ्या कुणाला गेली.
रिसबूड सरांनी पैज लावली,
डिपॉझिट वाचलं तर मिशी उतरवीन,
आणि ही मिशी आणीबाणीतही उतरली नव्हती.

एकोणीस वर्षं हा माणूस आप्पांचे फ्लेक्स लावायचा.
वाढदिवस, दहीहंडी, निवड, फेरनिवड,
आप्पांच्या नातवाचं जावळ.
रात्री एकनंतर टेम्पो, शिडी, तारेचं भेंडोळं.
अठरा महिन्यांचं बिल थकलं होतं.
आप्पा पाठीवर थाप मारून म्हणाले,
उभा राहा की, तुझा फ्लेक्स मी छापून देतो.
तोही हसला.
आम्हाला तरी वाटलं, हसला.

आम्ही हिशोबाची माणसं.
सोसायट्या मोजल्या, गावठाण मोजलं,
भावकी, पाहुणे, भाडेकरू,
लाइटबिलाच्या पाठीवर आकडे मांडून
बेरीज दोनदा तपासली.
प्रभाग आम्ही दिवसाउजेडी मोजला.

त्याच्याकडे रात्रीचा प्रभाग होता.
दुधाचे क्रेट उतरवणारे,
पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं,
कॅबमध्येच पाय मुडपून झोपणारे,
साडेतीनला नळाला करंगळीएवढी धार येते म्हणून
हंडा लावून बसलेल्या बायका.
शिडीवरून त्यानं हे सगळं पाहिलं होतं,
आणि त्यांनी त्याला.

मतदानाला रांग छोटी होती, ऊनही बरं होतं.
आमच्याकडे एकेकाला चार मतं.
तीन मी विचार करून दिली.
चौथ्याला फुगा दिसला,
आणि दाबलं बटण. गंमत म्हणून.
यंत्र शेवटी एकदाच लांब वाजलं,
त्यात माझं हसू वेगळं ऐकू आलं नाही.

एक्केचाळीस मतांनी.
नंतर कळलं, आमच्या एकट्या सोसायटीत
अशी गंमत करणारे नऊ निघाले,
प्रत्येकाला वाटलं होतं, विनोदी आपण एकटेच.
सरांनी मिशी उतरवली.
त्यांचा वरचा ओठ इतका घाबरट असेल
असं कुणाला वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर दिवे लागले.
मग टँकर कुणाच्या दारात आधी, हे ठरू लागलं.
मग मैदानाला कुंपण आलं, कुंपणाला कुलूप,
किल्ली भाच्याकडे.
मग त्याचा वाढदिवस आला.
सकाळी उठलो तर घरात अंधार.
खिडकीच्या अख्ख्या चौकटीत
त्याची हनुवटी.

कचेरीत गेलो. खुर्ची दिली, चहा दिला, फुल कप.
सर, म्हणाला, तुमची खिडकी मला पाठ आहे.
दोनला उठता, पाणी पिता.
समोरच्या खांबावर मी असायचो.
तुम्ही पडदा ओढायचात.
आवाज चढवला नाही.
फ्लेक्स गुरुवारी काढतो म्हणाला.
कुठल्या गुरुवारी, ते मी विचारलं नाही.

काल रात्री खांबाशी पुन्हा खडखड.
नवा पोरगा, विशीचाही नसेल,
गेनबाचा आमदारकीसाठी काढलेला नवा चेहरा
कोपऱ्यांना धरून ताणत होता.
मी पडदा सारला. खिडकी उघडली.
पाणी देऊ का रे? नाव काय तुझं?

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
मोजल्यासारखं.
दातांत तार धरली होती,
त्यामुळे हसला की नाही
ते कळलं नाही.