एक लांब, दोन आखूड

मोर्शीच्या भंगारात किलोवर मिळाला हा डबा,
पाठीवर तहसीलचं लेबल अजून तसंच: टंकलेखन शाखा, ३.
घरी आणून बटण दाबलं
तर बोंबलला.
एक लांब, दोन आखूड.
पुन्हा दाबलं. एक लांब, दोन आखूड.
म्हणजे, पडदा कुठंय?
पडद्याशिवाय मी उठणार नाही.

मला त्याचा चेहरा नकोच होता.
ट्रॅक्टरच्या उतरलेल्या बॅटरीवर जगायचं होतं त्याला,
ग्राफिक कार्ड एकटंच वीस-पंचवीस वॅट पिऊन बसलं असतं
आणि दाखवलं असतं काय?
रात्रभर, कोठीतल्या उंदरांना
एक लुकलुकती रेघ.

पण नको म्हणायलाही
एकदा तोंड बघावं लागतं.
मुनाफभाईकडून तासाभरासाठी कार्ड आणलं,
चंद्रकलाबाई भोयरांचा टीव्ही
गादीत गुंडाळून, बंडीवर.
"साडेआठले माही सिरियल लागते, बापू.
नाही आणला तं मी बी तिथंच येऊन बसतो."
आठलाच आली. पाच पोट्टे घेऊन आली.
निळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं,
मी बाण खाली खाली नेतोय,
आणि ती विचारते,
"ह्याच्यात माणसं कधी येतात?"

सापडलं: कोणत्या चुकीवर थांबायचं?
तिथं होतं, सर्व.
मी केलं, कोणत्याच नाही.
वीज गेली तर? आल्यावर आपणच उठायचं.
एवढंच. आठ वाजून दहा मिनिटं.

टीव्ही गेला. कार्ड उपसलं.
कीबोर्डही काढला.
दाबलं.
पंखा फिरला, आणि तेच,
एक लांब, दोन आखूड.
फोनवर त्याचा पत्ता टाकून उकिडवा बसून राहिलो,
ताटातली पोळी गार होईस्तोवर.
मग ओ दिली त्यानं.
चार मिलिसेकंदांत,
जसा काही इथंच होता.

आता तो कोठीवर, मक्याच्या कणसांमागं.
पोटात शाळेच्या वह्या, संत्र्याच्या ठिबकचे आकडे,
अनंता कांडलकरच्या पहिल्या लग्नाचं शूटिंग,
जे दुसरी घरात ठेवू देत नाही.
हापशीच्या ओट्यापर्यंत पोचतो,
त्यापुढं गिरणी आडवी येते.
संध्याकाळी पोट्टे ओट्यावर बसून गणितं उतरवतात,
त्यांना वाटतं, हे मोर्शीहून येतं.
धाकट्याला वाटतं, वरून.

चंद्रकलाबाई जाता-येता डोकावते,
"मेला का रे तो? काहीच तं दिसत नाही."

बॅटरी कधी मध्यरात्रीच मान टाकते.
मग अडीचला थ्री-फेज येते,
शिवारातले पंप एकामागून एक खाकरतात,
आणि कोठीवरून,
एक लांब, दोन आखूड.
तक्रार सोडली नाही त्यानं अजून.
करतो, आणि कामाला लागतो.
मी कूस बदलतो.