शिसं

उद्यमबागेत सत्तावीस वर्षं लोखंड ओतलं.
पाण्याशी आपला संबंध
नळापुरता, आणि कॉलरीतनं उतरणाऱ्या घामापुरता.

कस्तुरी म्हणाली, बाबा, चार किलो वजन पाहिजे.
किलो-किलोचे चार तुकडे,
पट्टा ओवायला खाच ठेवून.
कशाला गं?
बुडायला.

तिची आई उलथनं घेऊनच बाहेर आली.

मग पोरीनं समजावलं, आम्ही लहान असल्यासारखं:
छातीत हवा असते, रबरी पोशाखात हवा असते,
समुद्र माणसाला वर ढकलतो, नको म्हणतो.
वजन बांधलं की ऐकतो.
पण तळाला टेकायचं नाही हं,
तरंगायचं पण नाही.
मधे राहायचं.

मधे राहणं म्हणजे काय
ते बेळगावच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

टायरवाल्यांकडनं शिसं गोळा केलं,
चाकाच्या कडेला ठोकतात ते बारके तुकडे.
रविवारी, मालक नसताना, दार सताड उघडं टाकून,
तोंडाला फडकं बांधून वितळवलं.
तीन तुकडे झकास आले.
चौथ्यात बुडबुडा.

ब्लो होल म्हणतो आम्ही.
माझा जन्म बुडबुड्यांचे जबाब देण्यात गेला.
हरभऱ्याएवढा एक, आणि अख्खं पंपाचं केसिंग भंगारात.

गोवावेसच्या तलावावर बघायला गेलो.
सात पोरं. हुक्केरीची शिवलीला, दोघं खानापूरचे,
तबरेज, डेल्विन, एक चष्मेवाला, आणि आमची.
शिकवणाऱ्या हरिकंत्र बाई कारवारच्या.
वडील अजून जाळं टाकतात म्हणाल्या.
कस्तुरी खाली गेली.
वर काय? नुसते बुडबुडे.
मी काठावर, चपला हातात,
बुडबुडा फुटला की बरं वाटायचं,
अंमळ उशीर झाला की पोटात कालवायचं.
सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

एकदा तिनं खालनं बघितलं.
मी अंगठा दाखवला, शाब्बास म्हणून.
लगेच वर आली.
काय झालं, बाबा?
पाण्यात अंगठा म्हणजे वर ये.
बरं चाललंय म्हणायला बोट न् अंगठा जोडून
शून्य दाखवायचं.
आमच्या शाळेत शून्याचा अर्थ वेगळा होता की.

जानेवारीत गेली. खानापूर, रामनगर, पुढं घाट,
घाटात फोन मेला तो तीन दिवस.
खडकावर पन्नास मीटर फीत पसरायची,
दोन्ही अंगाला जे पोहतं ते मोजायचं,
प्लास्टिकच्या पाटीवर, साध्या शिसपेन्सिलीनं.
पहिल्या दिवशी एकशे बारा मासे.
दुसऱ्या दिवशी मोजणी थांबली.

कुणाचं तरी तुटलेलं जाळं प्रवाळावर बसलेलं.
त्यात खेकडे, एक पोपटमासा, तोंड हलवणारा,
आणि एक कासव, न हलवणारं.
बाई कापत होत्या. पोरांनी लांबनं पिशवी धरली,
जवळ गेलं की हात गुंततो.
निम्मं जाळं निघालं आणि हवा संपत आली.
बाकीचं तिथंच आहे अजून,
हे तिनं तीनदा सांगितलं.

मग बॅगेतनं, ओल्या टॉवेलातनं,
दोरीत ओवलेले शिशाचे मणी काढून माझ्या हातावर ठेवले.
जाळ्याला तळाशी नेणारे.
दोन किलो तीनशे भरतात, बाबा. वितळव.
पुढच्या बॅचला दोन पोरं वाढलीत.

मी एक मणी फिरवून बघितला.
जोड साफ, कड घासलेली. हात बसलेला माणूस.
हे पण कुणीतरी ओतलं असणार
कुठल्यातरी रविवारी, तोंडाला फडकं बांधून,
घरातल्या कुणासाठी तरी.

आधी वाळू दे, म्हटलं.
ओलं शिसं भांड्यातनं उडतं, डोळे जातात.

आता मागच्या दोरीवर, तिच्या काळ्या पोशाखाशेजारी,
मण्यांची माळ लोंबतीय.
खाली फरशीवर मिठाचा पांढरा डाग.
तिची आई पुसते, तो परत उमटतो.

साचा भरून ठेवलाय मी.
दोनच घरं. वाळू नीट चाळून.